शनवारतेल्यांचं कीर्तन

एटापल्लीहून आतल्या माडिया गावात लग्नाच्या दिवसांत गेलात, तर रात्री रेला ऐकू येतो. मुली हातात हात गुंफून फेर धरतात. ‘रे रेला’ हे पालुपद फिरत राहतं, मधले शब्द प्रसंगाप्रमाणे येतात. मंच नाही, माइक नाही. अशाच एका रात्री परतताना गाडीत मित्रानं सेफार्दी गाणी लावली. गिटार, टाळ्यांचा कडक ठेका आणि काळजातून ओढून काढल्यासारखा बाईचा आवाज. ‘स्पेनमधल्या ज्यूंचं पाचशे वर्षांपूर्वीचं संगीत,’ मित्र म्हणाला. गाणी मला फार आवडली, पण पाचशे वर्षं काही पटेनात.

१४९२ साली स्पेनच्या राजाराणीनं ज्यूंना देशाबाहेर काढलं. ते मोरोक्को, सलोनिका, इस्तंबूलपर्यंत पांगले. जाताना त्यांनी आपली जुनी स्पॅनिश बोली नेली, तिलाच पुढे लादिनो म्हणू लागले. तिच्यातली गाणी बायकांनी घरात जपली. पाळण्याशी, लग्नघरात, बहुधा साथीशिवाय, फार तर डफावर. गाडीतल्या गाण्यांतली गिटार आणि टाळ्यांचा ठेका मात्र फ्लामेंकोचा, आणि फ्लामेंकोनं आकार घेतला तो आंदालुसियात, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. म्हणजे ज्यू निघून गेले तेव्हा ते संगीत आजच्या रूपात नव्हतंच. दोघांची गाठ आपल्या काळात पडली. तुर्कस्तानात जन्मलेल्या इत्झाक लेवी यांनी ही गाणी गावोगावच्या लोकांकडून गोळा करून स्वरलिपीत उतरवली. त्यांची मुलगी यास्मिन लेवी हिनं २००५ च्या ‘ला हुदेरिया’ या अल्बममध्ये त्यांना फ्लामेंकोची जोड दिली. जोड सुरेल आहे. पण ती ठरवून घातलेली आहे.

न ठरवता, शेजारानं घडलेली सरमिसळ ऐकायची तर स्पेन कशाला, अलिबाग पुरे.

कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्राएल, गावच्या भाषेत शनवारतेली. धंदा घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, अशी त्यांची मूळकथा. आडनावं रोहेकर, पेणकर, किहीमचे केहीमकर. बोली मराठी, बायकांचं नेसणं लुगड्याचं. १८७४ साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या हग्गादाच्या, म्हणजे वल्हांडण सणाच्या पोथीच्या, चित्रांतसुद्धा सणाची भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यातच आहेत. नवसाला मलिदा: पोहे, खोबरं, गूळ, फळं, आणि नाव एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचं.

हिब्रू प्रार्थनेची रीत मात्र यांनी पुढे नव्यानं शिकून घेतली, आणि शिकवणाऱ्यांत कोचीचे ज्यू होते. कोचीच्या परदेशी ज्यूंमध्ये स्पेन-पोर्तुगालहून आलेल्यांचे वंशज होते. बेने इस्राएलांच्या सिनेगॉगांत प्रार्थना चालते तीही सेफार्दी पद्धतीची. मशीद बंदर स्टेशनाचं नाव ज्यावरून पडलं असं सांगतात, ते १७९६ चं सिनेगॉग याच लोकांचं. सेफार्दी धागा असा मुंबईपर्यंत पोचलेला आहे.

पण प्रार्थना हिब्रूत; अर्थ किती जणांना कळणार? जुन्या कराराच्या गोष्टी मराठीत आल्या होत्या त्या मिशनऱ्यांच्या भाषांतरांमुळे. गोष्टी होत्या, सांगायची तऱ्हा हवी होती, आणि ती शेजारच्या देवळात रोज रात्री दिसत होती. १८८० साली मुंबईत बेने इस्राएल मंडळींनी आपलं कीर्तन उभं केलं. कथा अब्राहामाची, योसेफाची, मोशेची. थाट सगळा हरिदासी. उभा कीर्तनकार, पेटी-तबल्याची साथ, निरूपण, मध्ये साकी, दिंडी, ओवी, आर्या. याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. गाण्याच्या चाली वाऱ्यावर होत्या, म्हणा ना. तेव्हाच्या पदांवर ‘चाल अमुक’ असं सरळ छापत. चाल उसनी घेण्यात कोणालाच कमीपणा वाटत नसे. एका चालीवर विठ्ठलही बसायचा आणि नाटकातला नायकही. मग इसहाकाला वेदीवर नेणारा बाप का बसू नये?

म्हणूनच या कीर्तनाला ‘फ्युजन’ म्हणणं मला चुकीचं वाटतं. फ्युजनमध्ये दोन घरं लागतात. इथे घर एकच होतं. योसेफाला भावांनी विकलं तेव्हाचा आक्रोश कीर्तनकाराला दिंडीतच सुचायचा, कारण त्याच्या आजीचं रडणंही याच मातीतलं.

१९४८ नंतर यांतले बहुतेक इस्राएलला गेले. तिथे त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली. त्यांनी सत्याग्रह केला, आणि १९६४ मध्ये बरोबरीचा हक्क मिळाला. मराठी त्यांनी तिथेही टाकली नाही. ‘मायबोली’ नावाचं नियतकालिक चालवलं. राष्ट्रीय कीर्तनावर पुस्तक लिहिणाऱ्या अमेरिकी अभ्यासक ॲना शुल्ट्झ यांनी पुढे या ज्यू मराठी गाण्यांचाही अभ्यास केला. त्यांना गाणाऱ्या भेटल्या त्या मुख्यतः बायका. पूर्वी कीर्तनात उभे राहात ते पुरुष; गाणी राहिली ती बायकांच्या गळ्यात. लादिनोचंही असंच झालं होतं, आणि आमच्याकडे रेल्याचा फेरही मुलीच धरतात.

या कीर्तनांच्या पदांची लहानलहान पुस्तकं मुंबईत छापली जात. पेण, रोहा, अलिबाग, ठाणे, पुणे इथल्या कुणाच्या माळ्यावर, शेजाऱ्यानं जाताना ठेवायला दिलेल्या पेटीत, असं एखादं पिवळं पुस्तक निघालं, तर रद्दीत घालू नका. पदावर चालीचं नाव असेल. ती चाल येणारं घरात कोणी असेल, तर आधी त्यांच्याकडून म्हणवून घ्या आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा.