फिलाडेल्फिया : प्रवासापूर्वीची ओळख

इंग्रजीच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमासाठी अमेरिकेस जाणारे शिक्षक व विद्यार्थी व्याकरणाची उजळणी कसोशीने करतात. ज्या शहरात राहावयाचे त्याचा नकाशा मात्र क्वचितच उघडतात. पुढे पत्ता विचारण्याचा संकोच वाटतो, सांगितलेला पत्ता उमगत नाही. वर्ग सुटताच विद्यार्थी खोली गाठतो आणि ज्या संभाषणासाठी एवढा खर्च केला, तेच राहून जाते. फिलाडेल्फियाचा नकाशा तासभर अभ्यासला तरी ही अडचण बरीच दूर होऊ शकते.

हे नाव मराठी वाचकांस परके नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातूनच पदवी संपादन केली. सुमारे सोळा लाख वस्तीच्या या शहराची मूळ आखणी १६८२ मधील, विल्यम पेन यांच्या काळातील आहे. डेलावेअर व स्कूलकिल या नद्यांमधील भागात रस्ते काटकोनात छेदतात. दक्षिणोत्तर रस्त्यांना क्रमांक आहेत व ते डेलावेअरपासून पश्चिमेकडे वाढत जातात. चौदाव्याच्या जागी तेवढा ब्रॉड स्ट्रीट आहे. पूर्व-पश्चिम रस्त्यांपैकी अनेकांना झाडांची नावे आहेत : चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. त्यामुळे घरक्रमांकच जागा सांगतो. चेस्टनट स्ट्रीटवरील ५२० क्रमांकाची इमारत पाचव्या व सहाव्या रस्त्यांच्या दरम्यान असणार. आणि ती म्हणजे १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा जेथे संमत झाला ते इंडिपेन्डन्स हॉल होय. क्रमांकाच्या रस्त्यांचे उत्तर व दक्षिण असे भाग मार्केट स्ट्रीटपाशी पडतात. पत्त्यातील ‘नॉर्थ’ किंवा ‘साउथ’ हा शब्द सुटला, तर नवखा माणूस नेमका उलट दिशेला जातो.

खरी कसोटी कानाची असते. ‘फिफ्टीन्थ’ म्हणजे पंधरावा आणि ‘फिफ्टिएथ’ म्हणजे पन्नासावा. बोलण्याच्या ओघात हे दोन शब्द सारखेच भासतात. पंधरावा रस्ता शहराच्या मध्यभागी आहे, पन्नासावा स्कूलकिलच्या पलीकडे. अशा वेळी आडवा रस्ता कोणता, हे विचारावे. तेथील लोकही ‘पंधरावा आणि वॉलनट’ असाच पत्ता सांगतात आणि अंतर ‘ब्लॉक’मध्ये, म्हणजे एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतच्या टप्प्यांत मोजतात. आपल्याकडील पहिला मजला तेथे दुसरा ठरतो, कारण तळमजल्यालाच पहिला म्हणतात. तारखेतही महिना आधी लिहिला जातो. प्रवेशाच्या कागदपत्रांवर ४/७ म्हणजे ७ एप्रिल.

बोलण्याच्या सरावासाठी बाराव्या रस्त्यावरील रीडिंग टर्मिनल मार्केट उत्तम. भाव विचारण्यास तेथे निमित्त शोधावे लागत नाही. पाणी मागताना मात्र पाठ्यपुस्तकातील उच्चाराची अपेक्षा ठेवू नये. अनेक जुन्या रहिवाशांच्या तोंडी त्या शब्दाचा उच्चार ‘वूडर’ असा होतो. विल्यम लॅबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञांनी येथील बोलीचा अनेक दशके अभ्यास केला.