एक चिप, चार कामं, वाट एकच

गाळप हंगाम सुरू झाला की अकलूज, माळीनगर, सदाशिवनगर या आमच्या माळशिरस तालुक्यातल्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. त्या प्रत्येक गाडीचं पुढचं गणित वजनकाट्यावर ठरतं. काट्याखालचे लोडसेल भार मोजतात, इंडिकेटर आकडा दाखवतो आणि तोच आकडा एका वायरीतून शेजारच्या संगणकात जातो. ही वायर अजूनही पुष्कळ काट्यांवर आरएस-२३२ पद्धतीची असते. ते मानक १९६० सालचं. नव्या संगणकांना नऊ पिनांचा तो पोर्टच नसतो, म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर बसवतात. मग संगणक बदलला की ठरलेला फोन येतो: केबल ओळखत नाही, ड्रायव्हर टाकायला पाहिजे.

ड्रायव्हर टाकणं आपल्याकडे रोजचं आहे. ड्रायव्हर लिहिणं मात्र आपल्या आवाक्यातलं नव्हे, ते दूर कुठल्या तरी मोठ्या कंपनीत होतं, असा समज घट्ट आहे. तो समज मला पटत नाही. सी भाषा नीट येणारा, चिपचं डेटाशीट चिकाटीनं वाचणारा कुणीही विद्यार्थी हे काम करू शकतो, मग तो पुण्यात बसलेला असो की शंकरनगर-अकलूजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. त्यात अवघड काय आहे, तेही स्पष्ट सांगायला हवं. चिपशी बोलणं अवघड नाही. एकाच चिपकडे चार जणांची कामं असतात तेव्हा प्रत्येकाला त्याची पाळी देणं, आणि कुणी मध्येच केबल उपटली तर सगळं नीट आवरून बाजूला होणं, हे अवघड.

१९९६च्या जानेवारीत यूएसबीची पहिली आवृत्ती आली. कॉम्पॅक, डेक, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी मिळून ती ठरवली. या कामातलं महत्त्वाचं नाव म्हणजे तेव्हा इंटेलमध्ये असलेले अजय भट्ट. त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण गायकवाडांच्या बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं. यूएसबीचा मूळ नियम असा, की संगणक विचारेल तेव्हाच उपकरणानं बोलायचं. उपकरण आपणहून कधीच काही पाठवू शकत नाही. पुढच्या बऱ्याच अडचणी या एका नियमातून निघतात.

बहुउद्देशी चिपचं उदाहरण म्हणून मायक्रोचिप कंपनीची एमसीपी२२२१ घेतो. चौदा पायांची ही छोटी चिप यूएसबीला एका बाजूनं जोडली जाते. दुसऱ्या बाजूला ती जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट देते आणि आयटूसी ही दोन वायरींची सेन्सरांची वाहिनी देते. शिवाय तिला मोकळे चार पाय आहेत. ते चालू-बंद करायला वापरता येतात. त्यांतले तीन पाय विद्युतदाब मोजू शकतात, दहा बिटांत, म्हणजे ० ते १०२३. पाच बिटांचा, म्हणजे बत्तीस पायऱ्यांचा दाब बाहेर काढण्याचीही सोय आहे. शेतातल्या एका छोट्या पेटीत एवढं पुरेसं होतं: आयटूसीवर हवेतल्या आर्द्रतेचा सेन्सर, एका पायावर जमिनीतल्या ओलाव्याचा प्रोब, दुसऱ्या पायावर ठिबकच्या पंपाचा रिले आणि सिरियलवर एखादं जुनं मीटर.

संगणकाला जोडल्यावर ही चिप स्वतःची ओळख दोन तऱ्हांनी देते. सिरियल पोर्टासाठी ती सीडीसी नावाच्या ठरलेल्या वर्गात मोडते. त्या वर्गाचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून आहे, विंडोज १० मध्येही आहे, त्यामुळे तिथे लिहायला काही उरत नाही. बाकी सगळी कामं ती एचआयडी वर्गातून करते. हा खरं तर कीबोर्ड आणि माऊसचा वर्ग. चिप बनवणाऱ्यांनी तो निवडला, कारण जवळजवळ प्रत्येक संगणक त्याला ओळखतो आणि वेगळं काही टाकावं लागत नाही. पण ओळखणं आणि समजणं यांत अंतर आहे. संगणकाला एवढंच कळतं, की चौसष्ट बाइटचे संदेश इकडून तिकडे जातात. त्या संदेशात आर्द्रता आहे की रिलेचा हुकूम, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. हे सांगणारा कोड म्हणजे इथला ड्रायव्हर.

डेटाशीटमधली संदेशांची रचना सरळ आहे. पहिला बाइट हुकमाचा. सोळाच्या पायातला ९० म्हणजे आयटूसीवर लिही, ९१ म्हणजे वाच, ५० आणि ५१ हे मोकळ्या पायांसाठी, १० हा चिपची स्थिती विचारायला. लिहायचं असेल तर पुढचे दोन बाइट लांबीचे, एक सेन्सरच्या पत्त्याचा, आणि मग जास्तीत जास्त साठ बाइट माहितीचे. वाहिनीचा वेगही आपणच ठरवायचा. चिपचं घड्याळ १२ मेगाहर्ट्झचं. १०० किलोहर्ट्झ हवे असतील तर भागाकार १२० येतो, त्यातून ३ वजा करून ११७ हा आकडा पाठवायचा. हे ३ कुठून आले, हे शोधावं लागतं. या कामाचा बराच वेळ अशा शोधात जातो.

खरी गुंतागुंत वाचताना येते. ९१ पाठवला की चिप सेन्सरकडून माहिती आणून स्वतःजवळ ठेवते. ती आपल्याला मिळत नाही. त्यासाठी ४० हा वेगळा हुकूम द्यावा लागतो. आता समजा, या दोन हुकमांच्या मध्ये दुसऱ्या प्रोग्रामनं रिले चालू करायला सांगितलं, किंवा तिसऱ्यानं त्याच वाहिनीवर दुसरा सेन्सर वाचायला घेतला. मग कोणतं उत्तर कोणाचं, हेच कळेनासं होतं. नीरा उजव्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. चारी एक, शेतकरी अनेक, आणि एकाची पाळी संपल्याशिवाय दुसऱ्यानं दारं धरायचं नाही. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, अशी पाळी लावण्याच्या साधनाला म्युटेक्स म्हणतात. काम सुरू करण्याआधी तो घ्यायचा आणि शेवटचं उत्तर हाती आल्यावरच सोडायचा. मधल्या प्रत्येक चुकीच्या वाटेवरही तो सुटतो ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहायचं. एका ठिकाणी सोडायचा राहिला की त्या चिपची एचआयडीतून चालणारी सगळी कामं कायमची अडकतात.

दुसरी अडचण वेळेची. आयटूसीवर १०० किलोहर्ट्झला एक बाइट सरकायला ९० मायक्रोसेकंद लागतात. यूएसबीच्या या वेगात मात्र संगणक दर मिलिसेकंदाच्या चौकटीत बोलतो. म्हणजे एक हुकूम आणि त्याचं उत्तर यांतच बाइटाच्या कितीतरी पट वेळ जातो. म्हणून ड्रायव्हरला उत्तराची वाट पाहत थांबावं, म्हणजे झोपावं लागतं. पण कर्नलमध्ये हवं तिथे झोपून चालत नाही. यूएसबीचं उत्तर घेऊन येणारं फंक्शन इंटरप्टच्या संदर्भात, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून, चालतं. तिथे झोपलं तर सगळी यंत्रणा लटकू शकते. त्या फंक्शननं फक्त उत्तर टिपून ठेवायचं आणि वाट पाहणाऱ्याला जागं करायचं. मोकळ्या पायांची नोंद करतानाही कर्नलला आधीच कळवावं लागतं, की या पायांना हात लावताना झोपावं लागू शकतं. सेन्सरच बिघडला असेल तर वाट किती पाहायची, तीही मर्यादा ठरवायची आणि ती उलटली की चिपला चालू व्यवहार रद्द करायला सांगायचं. हे रद्द करणं विसरलं, तर पुढचा प्रत्येक हुकूम 'व्यग्र आहे' असं उत्तर घेऊन परततो.

लिनक्समध्ये या चिपचा ड्रायव्हर २०२० साली आला. लेखक ऋषी गुप्ता. आधी फक्त आयटूसी, मग त्याच वर्षी मोकळे पाय. दाब मोजण्याची आणि बाहेर काढण्याची सोय २०२२ मध्ये मॅट रानोस्टे यांनी जोडली. हा क्रम मला मुद्दाम सांगावासा वाटतो. चारही कामं पहिल्याच दिवशी आली नाहीत. एक काम पक्कं झालं, मग दुसरं आलं, आणि शेवटची दोन तर दुसऱ्या माणसाच्या हातून.

कर्नलमध्ये ड्रायव्हर असण्याचा फायदा काय? पायथॉनमध्ये एखादी लायब्ररी घेऊन थेट संदेश पाठवता येतातच, आणि घाईच्या वेळी लोक तेच करतात. पण लायब्ररीच्या वाटेनं प्रत्येक सेन्सरची भाषा आपणच नव्यानं लिहावी लागते. कर्नलमधला ड्रायव्हर 'ही एक आयटूसी वाहिनी आहे' एवढंच जाहीर करतो, आणि लिनक्समध्ये आधीपासून असलेले कितीतरी सेन्सरांचे ड्रायव्हर त्या वाहिनीवर बसू शकतात. आर्द्रतेचा एसएचटी३१ हा सेन्सर घ्या. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये २०१६ पासून आहे. वाहिनीच्या फाइलीत सेन्सरचं नाव आणि सोळाच्या पायातला ४४ हा पत्ता एका ओळीत लिहिला, की तापमान आणि आर्द्रता साध्या फाइली वाचून मिळतात. ज्यानं सेन्सरचा ड्रायव्हर लिहिला त्याला आपल्या चिपची माहिती नव्हती, तरी दोघांचं जमतं. मला या सगळ्या रचनेत याहून मोलाचं दुसरं काही वाटत नाही.

एक अडचण इथे अनेकांना येते. कर्नलच्या ड्रायव्हरनं चिप ताब्यात घेतली असेल तर लायब्ररीची आणि त्याची ओढाताण होते. दोघांपैकी एकच ठेवायचा.

सगळ्याच चिप एचआयडीच्या आडोशानं येत नाहीत. काही चिप पूर्णपणे स्वतःची भाषा बोलतात. अशांसाठी लिनक्समध्ये एमएफडी, म्हणजे बहुउद्देशी उपकरणांचा वेगळा विभाग आहे. तिथे एक पालक ड्रायव्हर यूएसबीशी बोलतो आणि आयटूसी, एसपीआय ही तशीच दुसरी वाहिनी आणि मोकळे पाय यांचे स्वतंत्र ड्रायव्हर त्याच्यामार्फत काम करून घेतात. व्हायपरबोर्ड आणि डायोलान कंपनीची डीएलएन-२ ही याची वाचण्याजोगी उदाहरणं. ज्याला शिकायचं आहे त्यानं डीएलएन-२च्या पालक फाइलीपासून सुरुवात करावी, असं मी सांगेन.

ड्रायव्हर चुकला तर प्रोग्राम नव्हे, अख्खा संगणक कोसळू शकतो. चूक शोधायची कशी, हा प्रश्न मग उभा राहतो, आणि इथे पुण्याचं एक नाव आदरानं घ्यायला हवं. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला अमित काळे यांनी केजीडीबी हे साधन सांभाळलं आणि वाढवलं, आधी व्हेरिटासमध्ये असताना आणि पुढे लिनसिससॉफ्ट या पुण्यातल्या कंपनीतून. दोन संगणक सिरियल केबलनं जोडायचे, एकावर बसून दुसऱ्याचं चालतं कर्नल हव्या त्या ओळीवर थांबवायचं आणि आत डोकावायचं. कर्नलमध्ये डिबगर असावा, हे लिनस टोरवाल्ड्स यांना बराच काळ मान्य नव्हतं. इतरांच्या हातून आणखी घडत घडत केजीडीबी २००८ साली मुख्य लिनक्समध्ये आलं. आजही केजीडीबीच्या मुख्य फाइलीच्या माथ्यावर काळे आणि लिनसिससॉफ्ट ही नावं वाचायला मिळतात. ज्या संगणकाचं कर्नल थांबवायचं, त्याला मात्र खरा सिरियल पोर्ट लागतो. कर्नल थांबलं की यूएसबीही थांबते, मग कन्व्हर्टर काय कामाचा? यूएसबीवरून काय गेलं आणि काय आलं एवढंच पाहायचं असेल, तर लिनक्समधलं यूएसबीमॉन हे साधन पुरतं.

ड्रायव्हर कोणत्या चिपला लागू पडतो, हे दोन आकड्यांवर ठरतं: कंपनीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक. एमसीपी२२२१चे हे आकडे ०४डी८ आणि ००डीडी. या आकड्यांत किती ताकद असते, हे २०१४च्या ऑक्टोबरमध्ये जगानं पाहिलं. एफटीडीआय कंपनीच्या सिरियल चिपच्या नकला बाजारात खूप होत्या. विंडोज अपडेटमधून आलेल्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरनं नकली चिप ओळखून तिचा वस्तूक्रमांक शून्य करून टाकला. चिप जागच्या जागी निकामी. वापरणाऱ्याला आपल्या यंत्रात नकली चिप आहे हे ठाऊकही नव्हतं. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. लिनक्सनं मात्र शून्य क्रमांकही आपल्या यादीत घातला आणि त्या चिप पुन्हा चालू लागल्या. नकलेचं समर्थन कुणी करू नये. पण यंत्र विकत घेणाऱ्याला शिक्षा देणं हे ड्रायव्हरचं काम नाही, असं माझं ठाम मत आहे. आपल्या भागात छोटी यंत्रं बनवणाऱ्यांना यातून एक सांगणं आहे. एमसीपी२२२१चे आकडे तिच्या फ्लॅश मेमरीत असतात आणि बदलता येतात. ते बदलू नका. स्वतःच्या यंत्राचं नाव द्यायचं असेल तर नावाची ओळ बदला. आकडे बदलले की लिनक्समधला तयार ड्रायव्हर तुमच्या यंत्राला ओळखणार नाही.

मुख्य लिनक्समध्ये गेलेला ड्रायव्हर निर्दोष असतो, असं मात्र नाही. या ड्रायव्हरमध्येही चुका निघाल्या. वापरणाऱ्यानं दिलेली लांबी न तपासता माहिती संदेशातल्या ठरावीक जागेत भरली जात होती. स्मॅच नावाच्या तपासणी-साधनानं ते हेरलं आणि २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. २०२३ मध्ये दुसरी चूक सापडली. काही वेळानं करायचं म्हणून मागे ठेवलेलं काम शिल्लक असतानाच उपकरण काढून घेतलं गेलं, तर ते काम नंतर उठून मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लावू शकत होतं. सगळ्यांना कोड दिसत होता, म्हणूनच या चुका सापडल्या आणि सगळ्यांसाठी दुरुस्त झाल्या.

स्वतःचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं या दुसऱ्या चुकीची चाचणी पहिल्या दिवसापासून करावी. सेन्सरचं वाचन एका लूपमध्ये चालू ठेवायचं, दुसऱ्या खिडकीत रिले चालू-बंद करत राहायचं, आणि त्या धामधुमीत केबल उपटायची. परत लावायची, परत उपटायची. कर्नलच्या नोंदींत एकही इशारा येता कामा नये, वाट पाहणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला 'उपकरण नाही' असं स्वच्छ उत्तर मिळालं पाहिजे, आणि केबल पुन्हा लावल्यावर चारही कामं काही न करता सुरू झाली पाहिजेत. एवढं जमलं की लिनक्सकडे पॅच, म्हणजे आपला कोड, पाठवायला हरकत नाही.