सुरतेची वखार आणि आचारधर्माची इंग्रजी प्रवचने

सतराव्या शतकातील इंग्रजी प्रवचनांचा उल्लेख आपल्याकडे होतो तो बहुधा जॉन डन या कवीच्या निमित्ताने. १६२१ साली तो लंडनच्या सेंट पॉल या मुख्य मंदिराचा धर्माधिकारी झाला आणि त्याची प्रवचने आज कवीचे गद्य म्हणून वाचली जातात. त्यात वावगे काही नाही. परंतु त्या काळचा सामान्य इंग्रज, दुकानदार, खलाशी किंवा कारकून, रविवारी जे ऐकत असे ते पुष्कळदा या जातीचे नव्हते. त्याचे वळण घडविले होते केंब्रिजच्या विल्यम पर्किन्ससारख्या उपदेशकांनी. पर्किन्स १६०२ साली वारला. प्रवचन कसे रचावे यावरील त्याचा लॅटिन ग्रंथ १५९२ सालचा आहे. बायबलातील वचन वाचावे, त्याचा अर्थ उकलावा, त्यातून सिद्धांत काढावा आणि अखेरीस तो सिद्धांत श्रोत्याच्या नित्य जीवनास लावून दाखवावा, अशी त्याची पद्धत होती. भाषा साधी असावी आणि वक्त्याची विद्वत्ता झाकलेली राहावी, असा त्याचा आग्रह होता.

मराठी वाचकास येथे नारदीय कीर्तनाची आठवण होईल. मूळ पद घेऊन पूर्वरंगात निरूपण करावे आणि उत्तररंगात आख्यान लावावे, ही रीत बाह्यतः याच्याशी जुळते. भेद आहे तो उत्तररंगात. आपला कीर्तनकार हरिश्चंद्र किंवा ध्रुव डोळ्यांपुढे उभा करतो. पर्किन्सच्या वळणाचा उपदेशक श्रोत्यालाच उभा करतो. तुझे माप खरे आहे काय, चाकराशी तू कसा वागतोस, दारूच्या पेल्यापाशी तुझा दिवस किती जातो, असे तो विचारतो. मनुष्याचा धंदा हीदेखील ईश्वराने सोपविलेली कामगिरी होय, ही शिकवण त्यातूनच आली. व्यापाऱ्यांस ती मानवली यात नवल नाही. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या दूरदेशीच्या नोकरांसाठी प्रारंभीच्या काळात जे ग्रंथ पाठविले, त्यांत फॉक्सचे हुतात्म्यांचे चरित्र आणि हॅक्लुइटची प्रवासवर्णने यांच्या जोडीला पर्किन्सचे ग्रंथही होते.

असे हे आचारप्रवचन जहाजात बसून सुरतेस आले. तेथे त्याला अशी एक कसोटी भेटली की जी इंग्लंडात भेटणे शक्य नव्हते. इंग्लंडात वक्ता, श्रोता व शेजारी सारे एकाच धर्माचे होते. सुरतेत वखारीच्या भिंतीबाहेर हिंदू, जैन, पारशी व मुसलमान यांचे गजबजलेले शहर होते. त्या शहरास प्रवचनाचे शब्द कळत नव्हते. श्रोत्यांचे वर्तन मात्र नीट दिसत होते.

ही गोष्ट ज्याने प्रांजळपणे लिहून ठेवली तो पाद्री म्हणजे एडवर्ड टेरी. १६१६ साली तो सुरतेस उतरला. जहांगीराच्या दरबारातील इंग्रज वकील सर टॉमस रो याचा पाद्री नुकताच वारला होता. त्या जागी टेरीची नेमणूक झाली. योगायोग असा की, त्याच १६१६ साली दक्षिणेस रायतूर येथे दुसऱ्या एका इंग्रजाचा ग्रंथ छापून निघाला, तो म्हणजे फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. स्टीफन्स कॅथलिक, टेरी प्रॉटेस्टंट; परंतु त्यांच्यातील खरे अंतर श्रोत्यांचे आहे. स्टीफन्स यांनी येथील माणसांसाठी येथील भाषेत सुमारे ११ हजार ओव्या रचल्या. टेरीचे काम आपल्याच माणसांस, आपल्याच भाषेत, सन्मार्गावर ठेवण्याचे होते. दोहोंपैकी कोणते अधिक अवघड होते, हे मी सांगू शकत नाही!

टेरीने सांगितलेला एक प्रसंग त्याच्या आगमनापूर्वीचा, १६१५ सालचा आहे. रोच्या पदरचा इंग्रज आचारी सुरतेत एका आर्मेनियन ख्रिस्त्याच्या घरी यथेच्छ प्याला आणि तलवार घेऊन झोकांड्या खात रस्त्याने निघाला. समोरून शहरच्या मोगल अधिकाऱ्याचा भाऊ येत होता. आचाऱ्याने त्याला काफर कुत्रा म्हणून शिवी हासडली. त्या गृहस्थास इंग्रजी कळेना. काय म्हणतोस, असे त्याने आपल्या भाषेत सभ्यपणे विचारले. आचाऱ्याने तलवार उपसली, तेव्हा लोकांनी त्यास धरून कैदेत टाकले. रोने निरोप धाडला की मी दंगेखोरांची पाठराखण करण्यास आलो नाही, योग्य वाटेल ते करावे. त्यावर त्या गृहस्थाने आचाऱ्यास इजा न करता परत पाठविले. टेरी येथे थांबून वाचकास विचारतो की या दोघांत काफर कोण ठरला? पर्किन्सच्या पद्धतीची ती चौथी पायरी ती हीच.

याहून बोचरी नोंद बाजारातील आहे. सुरतेच्या व्यापाऱ्यास मालाची फारच कमी किंमत सांगितली, तर तो उलट विचारी, मी तुम्हांस फसवावयास काय ख्रिस्ती आहे? ज्याने हे ऐकले त्यानेच दर रविवारी खऱ्या मापाचा उपदेश करावयाचा होता. टेरीने ही लाज झाकली नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. त्याच्यानंतर १६२४ साली आलेला हेन्री लॉर्ड याची गोष्ट निराळी. बनिया व पारशी यांच्या धर्मांविषयीचा त्याचा १६३० सालचा ग्रंथ मोलाचा आहे खरा, पण शेजाऱ्याच्या आचारात दोष काढताना त्याची लेखणी जितकी चालते तितकी स्वकीयांच्या बाबतीत चालत नाही.

पुढे वखारीतील उपासनेस शिस्त आली. १६८९ साली इंग्लंडहून निघालेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन सांगतो की, रविवारी तीन वेळा व एरवी रोज सकाळी कामकाजापूर्वी आणि रात्री प्रार्थना होई. प्रार्थनागृहात कोणत्याही सजीवाची आकृती ठेवलेली नव्हती, कारण मुसलमान शेजाऱ्यांचे मन दुखवू नये. हा तपशील मला फार बोलका वाटतो. वखारीत काय बोलले जाते यापेक्षा काय दिसते याची काळजी इंग्रजांस आता घ्यावी लागत होती.

वखारीच्या पाद्र्यांपैकी एकाचे नाव मराठी वाचकास परिचित असेल, तेही शिवचरित्रामुळे. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा जॉन एस्कॅलियट वखारीत होता, आणि त्या महिन्याअखेरीस त्याने त्या प्रसंगाचे पत्र लिहिले ते सर टॉमस ब्राउन या विख्यात गद्यलेखकास. महाराजांच्या रूपाचे जे वर्णन आपण वाचतो त्याचा एक आधार हे पत्र आहे. एस्कॅलियटने व्यासपीठावरून काय सांगितले ते विरून गेले, आणि पत्र मात्र राहिले.

कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रज कबरस्तानात मी शाळेच्या मुलांना अधूनमधून नेतो. १६५९ साली वारलेला ख्रिस्तोफर ऑक्झेंडेन आणि १६६९ साली वारलेला वखारीचा अध्यक्ष सर जॉर्ज ऑक्झेंडेन, या बंधूंचे तेथील घुमटदार स्मारक एखाद्या अमिराच्या मकबऱ्यासारखे आहे. नम्रतेवरील इतकी प्रवचने ऐकलेल्यांच्या थडग्यास एवढे घुमट कशाला, असे एका मुलाने विचारले होते. मी त्याला टेरी वाचावयास सांगितले.

मात्र कोणता टेरी, हे सांगणे अवश्य आहे. त्याचा वृत्तांत प्रथम १६२५ साली पर्चासच्या संग्रहात थोडक्यात छापला गेला. १६५५ साली त्याने तो स्वतंत्र ग्रंथरूपाने काढला, तेव्हा पानोपानी प्रवचने घालून त्याचा विस्तार केला. तत्पूर्वी १६४९ च्या सप्टेंबरात कंपनीची सात जहाजे सुखरूप परतल्याबद्दल लंडनमध्ये कंपनीच्या मंडळींपुढे कृतज्ञतेचे प्रवचन करण्यास त्यालाच बोलाविले होते. १९२१ साली विल्यम फॉस्टर यांनी जुन्या प्रवाशांचे वृत्तांत संपादिले, त्यात त्यांनी १६२५ चा पाठ घेतला. इतिहासाच्या दृष्टीने ते ठीकच झाले, कारण १६५५ चा ग्रंथ पाल्हाळिक आहे आणि त्यात पुनरुक्तीही पुष्कळ आहे. परंतु इंग्रजी शिकविणाऱ्या आपल्या शिक्षकांनी तो पाल्हाळच एकदा वाचावा, असे माझे मत आहे. डनच्या जोडीला त्यातील दहा-वीस पाने मराठीत यावीत. आचाऱ्याच्या प्रसंगापासून प्रारंभ करण्यास हरकत नाही.