शेतातली नवी जागल

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या, की रात्रीच्या जागलीला प्रारंभ होतो. रोही आणि रानडुकरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी शेतकरी मचाणावर रात्र काढतो, मधूनमधून हाळी देतो, डबा वाजवतो. शेजारच्या शेतातली हाळी बराच वेळ ऐकू आली नाही, तर पलीकडचा मनुष्य उठून बसतो. हाळी चालू आहे तोवर सर्व कुशल. ती थांबली, की काहीतरी बिघडले. दूर ठेवलेल्या यंत्राकडे लक्ष कसे द्यावे, या अगदी अलीकडच्या प्रश्नाचे उत्तर या जुन्या रीतीतच आहे.

हे यंत्र म्हणजे कपाटात पडून असलेला जुना स्मार्टफोन. त्याची काच तडकलेली, बॅटरी थकलेली. पण कॅमेरा शाबूत असतो. तो खांबावर बसवून ठरावीक अंतराने एकेक छायाचित्र घेण्यास लावला, तर महिनोन्महिन्यांचा बदल काही मिनिटांत डोळ्यांपुढून सरकतो. ही कल्पना आपणांस परकी नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपावर कॅमेरा रोखून, एकेक चौकट टिपत, ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. तो पाहूनच त्यांना भांडवल मिळण्याचा मार्ग खुला झाला आणि पुढल्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. फाळके मात्र कॅमेऱ्यापाशी स्वतः हजर होते. शेतातला फोन एकटा असतो, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

पण इतका खटाटोप कशासाठी? निव्वळ हौस म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर अतिवृष्टी मानली जाते. मापकापासून काही कोसांवरच्या शिवारात ढग फुटला आणि मापकाच्या माथ्यावर नुसती भुरभुर झाली, तर त्या शिवारातल्या शेतकऱ्याने काय दाखवावे? त्याच्यापाशी असते ते एका दिवसाचे एक छायाचित्र. पाणी केव्हा साचले, किती दिवस राहिले, हे त्यातून कळत नाही. २०२३ च्या खरिपात पिवळ्या मोझॅकने सोयाबीनची पाने पिवळी पाडली, तेव्हाही रोग कोणत्या आठवड्यात शिरला हाच वादाचा मुद्दा होता. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच पिकाचे छायाचित्र नोंदवतो. केंद्राच्या कृषी खात्याने २०२५ मध्ये ‘क्रॉपिक’ नावाने हंगामात चार-पाच वेळा पिकाची छायाचित्रे घेण्याचा उपक्रम पुढे आणला. पाऊल योग्यच आहे. परंतु संकट दोन छायाचित्रांच्या मधल्या दिवसांत येते, ही त्याची जुनी खोड आहे.

आता थोडा हिशेब. सकाळी सहा ते सायंकाळी सहा, दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र घेतले तर दिवसाला ७२ होतात. १२० दिवसांच्या पिकाला ८,६४०. सेकंदाला चोवीस चौकटी धरल्या, तर पुरी सहा मिनिटांची फीत. मात्र प्रत्येक छायाचित्र तीन मेगाबाइटचे धरले तरी जवळजवळ २६ गिगाबाइट जागा लागेल, आणि सोळा गिगाबाइटचा जुना फोन पोळ्याच्या आसपासच तुडुंब भरून स्वस्थ बसेल. तासाला एकच छायाचित्र घेतले, तर साडेचार गिगाबाइटच्या आत सारे मावते. शेताला तेवढे पुरे.

जागा संपणे हा झाला सरळ बिघाड. आडवळणाचे बिघाड निराळे. बंद डब्यात उन्हाने तापलेला फोन स्वतःच बंद पडतो. सतत चार्ज होणारी बॅटरी उष्णतेने फुगते. तशी दिसली, तर तो फोन काढून टाकावा, तिथे काटकसर नको. बॅटरी वाचवण्याच्या मिषाने फोनची प्रणाली छायाचित्र घेणारे अॅपच गुपचूप बंद करते. कृषिपंपांच्या वाहिनीवर वीज दिवसाचे काही तासच असते, म्हणून लहानसे सौर पॅनेल बरे. जेम्स बेलॉग यांनी २००७ मध्ये हिमनद्यांवर नजर ठेवण्यासाठी ग्रीनलंड, आइसलंड आणि अलास्का येथे कॅमेरे रोवले, तेव्हा पहिल्या काळात वेळ राखणारी मंडले बिघडल्याने काही कॅमेरे निकामी ठरले. तिथवर पुन्हा जाईपर्यंत ते कळण्याचा मार्ग नव्हता. एवढ्या तयारीच्या मंडळींची ही गत, तर आपल्या डब्यातल्या फोनची काय कथा!

यावर उपाय हाळीचाच. फोनने रोज सकाळ-संध्याकाळ एक संदेश धाडावा: आज किती छायाचित्रे झाली, बॅटरी किती, तिचे तापमान किती, जागा किती उरली. सोबत एक लहान छायाचित्रही हवेच. कारण आकडे सारे ठीक असूनही वाऱ्याने खांब कलला किंवा कोळ्याने भिंगावर जाळे विणले, तर आकड्यांना त्याचा पत्ता नसतो. ‘मी बंद पडलो’ असे बंद पडलेला फोन कळवू शकत नाही, हे तर उघडच आहे. म्हणून संदेश न येणे हीच सूचना समजावी, आणि तो आला नाही हे पाहणारा मनुष्य, किंवा दुसरे यंत्र, अन्यत्र असावे. याचा आणखी एक लाभ होतो. फोनचे घड्याळ मागेपुढे करता येते; परंतु रोज एक प्रत त्या दिवशीच दुसऱ्या हाती पोहोचली असेल, तर हंगामाच्या शेवटी मालिका बनावट ठरवणे कठीण जाते.

दुसरी बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. शेतात केवळ पीक नसते. निंदणीला आलेल्या बाया असतात, पांदणीने जाणारी माणसे असतात. त्यांना न विचारता त्यांची हालचाल दिवसभर टिपली जाणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही. कॅमेरा पिकावर खाली झुकलेला असावा, वाटेकडे वळलेला नसावा, आणि छायाचित्रे कोणाच्या ताब्यात राहणार हे शेतमालकाला व मजुरांना आधी सांगितलेले असावे.

जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांनी व महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी हे काम अंगावर घेण्यास हरकत नाही. एका शाळेने एक फोन, एक शेत घ्यावे. वाशीम शहराजवळच्या एखाद्या शाळेने एकबुर्जी जलाशयाची पातळी घ्यावी. नववीच्या विद्यार्थ्यांनी संदेशांची नोंदवही ठेवावी, चुकलेल्या संदेशाचे कारण शोधून तिच्यातच लिहावे. मृगाच्या आधी खांब उभा राहिला, तर पेरणीपासून सर्व हाती लागेल. फक्त दिवाळीच्या सुट्टीचा विचार आधी व्हावा. शाळा बंद असतात तेव्हा कापलेले सोयाबीन काही शेतांत अजून सुडीतच असते आणि अवकाळी पावसाने त्याला कोंब फुटतात. त्या पंधरवड्यात संदेश कोण पाहणार आणि तो न आल्यास शेतावर कोण जाणार, हे शिक्षकांनी सत्राच्या आरंभीच ठरवून ठेवावे.