सातास सात

पाऊस सुरू झाला की रानभाज्यांवरच्या मजकुरालाही कोंब फुटतात. टाकळ्यावरचे असे काही लेख लागोपाठ वाचनात आले. लेखक वेगळे, छापणारे वेगळे. पण औषधी उपयोगांची यादी सगळीकडे त्याच क्रमानं. एकानं ‘खाज’च्या जागी ‘कंड’ लिहिलं होतं, मौलिकता काय ती तेवढीच. म्हणून मग रानवनस्पतींच्या एका मराठी कोशाचं काम चालतं तिथे, कल्याणला, जाऊन बसले. कोशाच्या संपादक वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात.

टेबलावर शेवळाची, म्हणजे पावसाळ्यातल्या एका रानभाजीची, नोंद होती. लिहिणारा मुलगा नुकताच एम.एस्सी. झालेला, अक्षर सुरेख. बाईंनी त्याचा कागद एका इंग्रजी पुस्तकाच्या उघड्या पानाशेजारी ठेवला आणि दोन्हीकडच्या वाक्यांना पेन्सिलीनं आकडे घातले. तिकडे सात, इकडे सात. पहिलं कंदाचं, दुसरं देठाचं, तिसरं पानाचं, असं थेट फळापर्यंत. “सातास सात,” बाई म्हणाल्या.

“पण बाई, मी भाषांतर केलंय. उतारा कुठे मारलाय?”

मराठीत संदर्भलेखन करणाऱ्या निम्म्या लोकांची हीच समजूत असावी. इंग्रजीतून आणलं की आपलं झालं! 1957चा कॉपीराइट कायदा तसं मानत नाही. पुस्तकाचं भाषांतर करण्याचा हक्कही लेखकाचाच असतो, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश 1901 ते 1908 या काळात निघाला, कुक 1910 साली वारले. त्यांचा मजकूर आज कुणीही घ्यावा. (हे कुक पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपल होते, आणि नाव राहिलं ते वनस्पतींमुळे.) पण तिथेही नाव न सांगता घेतलं तर कायद्यातून सुटाल, उचलेगिरीतून नाही. उतारे जुळवून पाहणारी सॉफ्टवेअर आता आहेत, मात्र पुस्तक इंग्रजी आणि नोंद मराठी असली की त्यांना सहसा काही दिसत नाही. पेन्सिलीला दिसतं.

मुलाचा दुसरा प्रश्न मला रास्त वाटला. “शेवळाला एका वेळी एकच पान असतं. हे मी वेगळं कसं लिहू?”

“लिहू नकोस. एकच पान असतं, एवढंच लिही. ते कुणाच्या मालकीचं नाही.”

मालकी असते ती मांडणीत: काय निवडलं, काय गाळलं, कशाला कशाची उपमा दिली. कंदापासून बीपर्यंतचा क्रम तर वनस्पतिशास्त्राचा सामायिक रिवाज आहे, त्यावर कुणाचाच हक्क नाही. पण तोच क्रम, त्याच सात वाक्यांत, प्रत्येकात तीच निवड असली तर तो रिवाज राहत नाही. शब्द बदलून सुटायला जावं तर वेगळीच आफत. शेवळाचं पान एकच असलं तरी तीन भागांत विभागलेलं असतं. मुलानं वाक्य ‘आपलं’ करण्याच्या नादात त्या तीन भागांची तीन पानं करून टाकली होती. नुसती नक्कल केली असती तर निदान खरी तरी राहिली असती.

बाईंची रीत साधी आहे. निदान तीन पुस्तकं वाचायची, टिपणवहीत फक्त सुटे शब्द आणि मापं उतरायची, पुढे पुस्तक आणि पान क्रमांक. पूर्ण वाक्य वहीत येऊ द्यायचं नाही. मग पुस्तकं मिटून कपाटात.

त्यानंतर त्यांनी पिशवीतून शेवळांची जुडी काढली. सकाळीच बाजारातून आणलेली. बहुतेक कळ्याच होत्या, गच्च गुंडाळलेल्या, जांभळट तपकिरी. एक मात्र उमललं होतं, आणि खोलीभर कुजल्या मांसासारखा वास सुटला. किड्यांना बोलावणारा वास आहे तो. कोपऱ्यात बसलेल्या टायपिस्ट ताई पदर नाकाला लावून बाहेर गेल्या. मुलानं शेवळ उभं चिरलं. आतल्या दांड्यावर तळाशी मादी फुलं, त्यांच्या वर नर फुलांचा पिवळसर पट्टा, आणि त्याच्याही वर निमुळतं लांब टोक. बोटांना खाज सुटली तशी त्यानं ती पँटला पुसली. ‘महाछद’ (बाहेरचं आवरण) आणि ‘स्थूलकणिश’ (आतला दांडा) हे शब्द त्यानं निदान पन्नासदा लिहिले असतील. ते चिरून बहुधा आज पहिल्यांदाच पाहत होता.

नंतर त्यानं लिहिलेली सुरुवात अशी होती: “पहिल्या पावसानंतर शेवळ जमिनीतून वर येते तेव्हा त्याला पान नसते. पान मागाहून येते, तेही एकच.” कंद आता चौथ्या वाक्यात गेला होता. बाईंनी आकडे घालायला पेन्सिल उचलली आणि तशीच खाली ठेवली.

समोर झाड असलं म्हणजे आधार नको असं मात्र नाही. एका जुडीवरून कोश होत नाही. मापं पुस्तकातलीच आणि ती पुस्तकाच्या नावावरच द्यायची. इथेच मला एक गोष्ट खटकली. जुडी विकणाऱ्या मावशींनी बाईंना बजावलं होतं, “पिवळं काढून टाका, नायतर घसा खाजंल. आन् काकडं घाला.” काकड म्हणजे शेजारच्याच वाट्यातली हिरवी आंबट फळं, शेवळाची खाज मारणारी. नोंदीत या माहितीला मावशींचा आधार चालत नाही. कुठल्या तरी छापील पुस्तकात हेच वाक्य शोधायचं आणि श्रेय त्या पुस्तकाला द्यायचं. त्या पुस्तकानं ते कुठल्या मावशीकडून घेतलं हे कोण विचारतो? बाईंना हे मी बोलून दाखवलं. “मान्य आहे,” म्हणाल्या, आणि मुलाला पाककृतींच्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाठवलं.

पुढची नोंद करटोलीची. तिचे नराचे वेल वेगळे, मादीचे वेगळे, तेव्हा लिहायला बसण्याआधी दोन्हींची फुलं आण, असा हुकूम सुटला.

“बाई, बाजारात फक्त करटोली मिळतात. नराची फुलं कोण विकतो?”

“कुणीच नाही,” बाई म्हणाल्या. “कर्जतची गाडी किती वाजता आहे बघ.”