पुरी आदल्या दिवशी, भाजी त्याच दिवशी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हिवरा आश्रमला विवेकानंद जयंतीचा महाप्रसाद म्हणजे पुरी आणि वांग्याची भाजी. वाढप चक्क ट्रॅक्टरमधून! एवढ्या पंगतीला पुऱ्या आधीच तळाव्या लागतात. भाजी मात्र फार आधी करून चालत नाही. का? तळताना पुरीतलं बरंचसं पाणी वाफ होऊन जातं. भाजीत ते राहतं, आणि 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात.

देऊळघाटला मुलांच्या स्नेहभोजनाला आम्ही गरम पुऱ्याच डब्यात भरून झाकण लावलं. सकाळी सगळ्या चिकट, आंबूस! वाफेचं पाणी आतच अडकलं होतं. आता कापडावर पसरून पूर्ण गार करतो, मगच डबा. कणीक घट्ट, पाण्यातच भिजवलेली, दुधात नको. 200 मुलं, प्रत्येकी 5 पुऱ्या, हा हिशेब पाचवीचा वर्गच करतो.