चेनचा काळा चिकटा काढायला रॉकेलच लागतं असं नाही



पाऊस उघडला की गल्लीगल्लीतून सायकलींची कर्रकर्र ऐकू येते. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी मिळालेली सायकल असो, नाहीतर घरची जुनी, चेनवर चिखल, धूळ आणि जुन्या तेलाचा काळा थर बसलेला असतो. तो नुसता घाण दिसतो म्हणून काढायचा नाही. त्यातली बारीक रेती कानशीसारखी घासत राहते. चेन सैल पडते, फ्रीव्हीलचे दाते झिजतात, आणि मग चेन सारखी उतरते, तीही नेमकी शाळेच्या वाटेवर. पुढे चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदलायची वेळ येते, तो खर्च वेगळाच.

पूर्वी रॉकेलात चिंधी बुडवून पुसलं की काम व्हायचं. आता रेशनचं रॉकेल मिळेनासं झालंय, म्हणून काहीजण गाडीतलं पेट्रोल काढतात. ते अजिबात करू नका. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, चूल जरा लांब असली तरी पेट घेऊ शकते.

माझं मत विचाराल तर भांड्याचा साबणच बरा. भाजीच्या कढईचं तेल तो काढतो, तसंच चेनचंही. आधी सुक्या चिंधीने वरची माती पुसून घ्या. थर फार वाळला असेल तर थोडं खायचं तेल चोळा, तळणीतलं उरलेलं चालेल. दहा-पंधरा मिनिटं थांबा. तेलात तेल विरघळतं, थर मऊ पडतो. मग गरम पाण्यात साबण आणि जुना टूथब्रश. सायकल स्टँडवर लावा, पायडल हळूहळू उलटं फिरवत चेनच्या खालच्या बाजूला घासा. चिंधी दात्यांजवळ नेऊ नका, बोट आत ओढलं जातं. पदर, ओढणी खोचून घ्या. (काळे झालेले हातही असेच धुवायचे, आधी तेल, मग साबण.)

चुलीची राख चाळून रिम आणि मडगार्डला छान चालते, पण चेनला नको. तिचे कण सांध्यात अडकतात, म्हणजे एक रेती काढून दुसरी भरली! धुण्याचा सोडा तेल जोरात काढतो, पण हात सोलतो आणि ॲल्युमिनियमचे भाग काळे पाडतो. संडास धुवायचं ॲसिड तर चेनच खातं. कडेला गंज असेल तर चिंच चोळा, लगेच धुवा.

आता जे बहुतेकजणी विसरतात ते. धुतलेली चेन तशीच ठेवली तर तिला लवकर गंज चढतो. कोरड्या कापडाने पुसा, उन्हात नीट वाळू द्या आणि मग शिलाई मशीनचं तेल प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब टाका. पायडल फिरवा, वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. वर राहिलेल्या तेलालाच धूळ चिकटते. हे तेल पातळ असतं, म्हणून पुन्हा आवाज आला की पुन्हा द्यायचं. खोबरेल थंडीत गोठतं आणि खायचं तेल दिवसांनी डिंकासारखं चिकट होतं, म्हणून ती दोन्ही वंगणाला नकोत. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं खरं, पण त्यात काजळी आणि धातूचा चुरा असतो.

एक मात्र नीट बघा. रिमवर किंवा ब्रेकच्या रबरावर तेल जाऊ देऊ नका, एक थेंबही नाही. उतारावर ब्रेक घसरला तर मुलगी थेट रस्त्यावर पडेल. तेल लागलंच तर साबणाने रिम धुवा, वाळवा आणि मुलीला देण्याआधी स्वतः अंगणात ब्रेक दाबून बघा.

चाकाच्या मधल्या भागात आणि पायडलच्या दांड्यात जोराने पाणी मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. चेनवर पूर्ण कव्हर असेल तर ते सायकल दुकानातून एकदा उघडून घ्या, आणि कुठले स्क्रू कसे निघतात ते तिथेच उभं राहून बघून ठेवा.